चौथ्या प्रश्नाचा अभिप्राय

कात्रीकाकांना नापास झाल्याचं दुःख अजिबात झालं नाही. सत्तावन्नाव्या वर्षी माणूस दुःख तरी कशाकशाचं करणार? गुडघ्यांचं करावं, दाढांचं करावं, की माध्यम अभ्यासाच्या पदविकेचं? ते घाबरले गुणपत्रिकेला टाचलेल्या अभिप्रायाला, आणि त्यातही चौथ्या प्रश्नाखालच्या चार ओळींना. त्या ओळी वाचून झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर उठून दाराला आतून कडी घातली. सोमवारची सकाळ होती, साडेदहा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं आणि जिन्यात शेजारीण पायपुसणं झटकत होती. कडी घालण्यासारखं काहीही नव्हतं. तरी घातली.

मग दोन मिनिटांनी काढलीही. बंद दार काकांना सोसत नसे. त्याला कारण होतं, आणि ते कारण चौथ्या प्रश्नातच होतं.

काकांचं काम फोटो कापण्याचं. एकतीस वर्षं एकाच दैनिकात, एकाच खिडकीजवळच्या टेबलाशी. बातमीदार ऐसपैस लिहितात, छायाचित्रकार ऐसपैस टिपतात, आणि पानावर जागा असते टीचभर. मग कुणीतरी ठरवावं लागतं की पाहुण्यांचा हात राहील की मागच्या माणसाचं डोकं. ते काका ठरवायचे. आधी फोटोच्या कागदावर लाल मेणाच्या पेन्सिलीनं रेघ मारून, पुढं संगणक आल्यावर त्यावर. खरी कात्री त्यांनी हातात फारशी धरलीच नाही, पण नाव पडलं ते पडलं. कार्यालयात नवीन आलेल्याला पहिल्याच दिवशी सांगत, "फोटो काढताना मधे उभा राहा रे बाबा. कडेला उभा राहिलास तर काकांच्या हाती सापडशील." घरच्या समारंभातही काका समोरच्या गर्दीकडे बघता बघता मनातल्या मनात डावीकडचे दोन मेहुणे आणि उजवीकडची एक मावशी काढून टाकत. बायको म्हणायची, "ह्यांच्या चौकटीत मी अजून मधोमध आहे, हेच नशीब समजायचं."

पण या धंद्याला एक शाप आहे. ज्यानं कापलं, त्याला कापलेलं विसरता येत नाही. वाचकाला चौकट दिसते, कापणाऱ्याला सगळा फोटो दिसतो. एखादा जुना फोटो वीस वर्षांनी कुठं छापलेला समोर आला, तरी काकांना त्यातून गेलेली माणसं आपापल्या जागी तशीच उभी दिसत. आणि परीक्षेत नेमकं हेच नडलं.

पदविकेचं खूळ व्यवस्थापकांचं. त्यांनी फतवा काढला की यापुढं पानावर काम करणाऱ्या प्रत्येकाकडे माध्यम अभ्यासाची पदविका हवी. झालं. काका दर रविवारी सकाळी वही घेऊन बाकावर जाऊन बसू लागले. शिकवणाऱ्या बाई त्यांच्या लेकीच्या वयाच्या. पण काका रमले. आपण जन्मभर हातानं जे करत आलो, त्याला एवढी मोठमोठी नावं आहेत हे ऐकून त्यांना मिशीतल्या मिशीत हसू यायचं.

त्या संस्थेची एक रीत होती. नुसते गुण देऊन ती मोकळी होत नसे. परीक्षक प्रत्येक उत्तरावर अभिप्राय लिहीत, आणि तो हातात पडल्यापासून आठ दिवसांत विद्यार्थ्यानं त्यावर एक पान लिहून द्यायचं: माझं काय चुकलं आणि का चुकलं. याला मननपत्र म्हणत. ते दिल्याशिवाय फेरपरीक्षा नाही. मननपत्र स्वतःच्या अक्षरात लिहायचं, मधे कार्बन घालून तीन प्रतींत. वरची पांढरी विद्यार्थ्याची, मधली गुलाबी संस्थेची, आणि सगळ्यात खालची पिवळी, ज्या कार्यालयानं विद्यार्थ्याला पाठवलं त्या कार्यालयाची. अभिप्रायाचंही तसंच. म्हणजे काकांच्या हातात जो पांढरा कागद होता, त्याची पिवळी प्रत एव्हाना व्यवस्थापकांच्या टेबलावर जाऊन पडली होती.

काकांनी कागद पुन्हा वाचला. पहिल्या प्रश्नाला "समाधानकारक". दुसऱ्याला, "उत्तर फोटोखालच्या ओळीसारखे आहे. वाक्ये पूर्ण करावीत." एरवी यावर ते हसले असते. जन्मभर सात शब्दांत माणसं बसवणाऱ्याकडून दुसरं काय निघणार? तिसऱ्याला "उदाहरणे चांगली". आणि मग चौथा.

"विद्यार्थी डाव्या बाजूच्या, हातात कुलूप व साखळी असलेल्या माणसाविषयी सविस्तर लिहितो. छायाचित्रात असा माणूस नाही. जे दिसत नाही त्यावर सारे उत्तर उभे केले आहे. हे कोठून आले, याचा मननपत्रात खुलासा करावा. वीसपैकी तीन."

त्याखाली पेन्सिलीनं, वेगळ्या दिवशी लिहिल्यासारखी, एक ओळ होती: "मात्र डावीकडे तळाशी एक सावली आहे. ती कोणाची?"

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बावीस वर्षं जी गोष्ट काकांनी बायकोला सांगितली नव्हती, ती परीक्षेच्या कागदावर, स्वतःच्या वळणदार अक्षरात, बैठक क्रमांकासकट लिहून दिली होती. कुणी विचारलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. प्रश्नपत्रिकेत तो फोटो दिसला, घड्याळ पळत होतं, आणि काकांनी जसा तो रोज डोळ्यांपुढं बघितला होता तसा, सगळाच्या सगळा, लिहून काढला. छापलेल्या फोटोत डावीकडचा तुकडा नाहीच, हे त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

फोटो त्या भागात सगळ्यांना ठाऊक होता. शिवणकामाची एक लांबट शेड, अर्धवट उघडं दार, दारातून येणारा धूर, आणि बाहेर ओळीनं काढून ठेवलेल्या बायकांच्या चपला. आत काम करताना चपला बाहेर ठेवायच्या, असा शेडचा नियम होता. चपलांच्या आठ जोडांच्या मालकिणी बाहेर आल्या नाहीत. तो फोटो पुढं पुस्तकांत आला, भिंतींवर लागला, त्याला बक्षिसं मिळाली.

छायाचित्रकार शेजारच्या शाळेत बक्षीस समारंभाचे फोटो काढायला गेला होता. धूर दिसल्यावर तो कुंपणावरून उडी मारून आत गेला आणि सगळ्यांच्या आधी पोचला. त्यानं आणलेल्या फोटोत डाव्या कडेला एक माणूस होता. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डाव्या हातात कुलूप आणि लोंबती साखळी, दाराकडे पाठ करून निघालेला. काकांनी तो बघितला, पण त्या वेळी त्यांना त्यात काही वाटलं नाही. असेल कुणी. फोटो चार कॉलमी लावायचा ठरला होता. संध्याकाळी सातला एक जाहिरात आली आणि चाराचे तीन कॉलम झाले. काकांनी लाल पेन्सिल घेतली आणि डावीकडून रेघ मारली. तळाशी त्या माणसाची थोडी सावली राहिली, ती काढायची तर एक चप्पल कापावी लागली असती, म्हणून राहू दिली. दुसरं काही नाही. कुणाचा दबाव नव्हता, कुणी चिठ्ठी पाठवली नव्हती. एक जाहिरात आली होती, एवढंच.

चौकशी बसली ती आठवड्यानं. शेडची देखरेख एका बाईकडे होती. तिला सगळे मुकादमबाई म्हणत. आग लागली तेव्हा तिला तयार मालाची मोजणी करायला कचेरीत बोलावून घेतलं होतं. ती गळा फोडून सांगत राहिली की दाराला बाहेरून कुलूप होतं, मालकाच्या माणसानं सकाळीच माझी किल्ली काढून घेतली, आणि आतले आवाज बंद झाल्यावर माझ्या डोळ्यांदेखत त्यानं कुलूप काढलं. चौकशीवाल्यांनी तिच्यासमोर वर्तमानपत्र धरलं. बघा, दार उघडं आहे. कुलूप कुठंय? माणूस कुठंय? निष्कर्ष निघाला की दार उघडंच होतं, मुकादमबाई जागेवर नव्हती म्हणून बायका गोंधळल्या, आणि आता ती अंग काढून घेण्यासाठी गोष्टी रचते आहे. तेच कोर्टानं मानलं, आणि तिला चार वर्षांची कैद झाली.

निकालाची बातमी पानावर लावताना काकांनी पेन्सिल खाली ठेवली. ते उठून वृत्तसंपादकांकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, मूळ फोटोत तो माणूस आहे." वृत्तसंपादक वाईट नव्हते. त्यांनी कपाटातून निगेटिव्हचं पाकीट काढलं, खिशात घातलं आणि म्हणाले, "कात्री, बायको आहे, पोर लहान आहे. तू काय केलंस? रेघ मारलीस. रेघेला तोंड नसतं." ते पाकीट काकांना पुन्हा दिसलं नाही. छायाचित्रकाराला महिन्याभरात लांबच्या गावी मोठी नोकरी लागली. आता तोही नाही आणि वृत्तसंपादकही नाहीत. काका मूग गिळून बसले ते बसलेच.

पाच वर्षांनी शेडच्या मालकानं ते दैनिकच विकत घेतलं आणि आपला भरवशाचा माणूस व्यवस्थापक म्हणून आणून बसवला. पहिल्या दिवशी त्यानं हजेरीच्या वहीत डाव्या हातानं सही केली. काका समोर उभे होते. चेहरा त्यांनी त्या आधीच ओळखला होता. रोज माणसांचे चेहरे मोजूनमापून ठेवणाऱ्याला ओळखायला असा कितीसा वेळ लागतो! तेव्हापासून सतरा वर्षं काका ज्याला फोटोतून कापला त्याच्याच सहीनं रजा घेत होते.

त्या माणसाला मात्र काकांबद्दल काही ठाऊक नव्हतं. या सोमवारपर्यंत.

बारा वाजता काका कार्यालयात पोचले, तेव्हा टेबलावर चिठ्ठी होती: भेटावे.

"या काका, बसा. दार लावून घ्या," व्यवस्थापक म्हणाले. काकांनी दार लावलं. टेबलावर काचेच्या गोळ्याखाली पिवळा कागद होता.

"तुमची कल्पनाशक्ती दांडगी आहे हो. आम्हाला कधी पत्ता लागू दिला नाहीत."

"परीक्षेची घाई, साहेब. काहीतरी लिहून गेलो."

"काहीतरी?" व्यवस्थापक हसले. "कुलूप, साखळी. बाकीचं मी संस्थेतून मागवून वाचलं, तुमची उत्तरपत्रिका. अर्ध्या बाह्यांचा शर्ट म्हणे. काहीतरी लिहिणारा माणूस बाह्या बघत नाही, काका."

व्यवस्थापकांनी पिवळा कागद उचलून उजेडाकडे धरला. "ही तिसरी प्रत फार फिकी येते. पण डोळे बारीक केले की लागतं सगळं. बरं, त्या दिवशी पानावर कोण होतं हो?"

"आठवत नाही, साहेब."

"मी समजत होतो वृत्तसंपादकांनीच लावलं. ते गेले. फोटो काढणारा गेला. म्हटलं, चला, आता कुणाला कसली आठवण काढून त्रास व्हायला नको." त्यांनी खणातून टाइप केलेला कागद काढला आणि डाव्या हातानं काकांपुढं सरकवला. "हे तुमचं मननपत्र. मी तयारच करून ठेवलंय. तुम्ही फक्त तुमच्या अक्षरात उतरवून काढा. पिवळी प्रत आली की आपण विषय मिटवू. तुमची अजून तीन वर्षं आहेत, ती सुखानं काढा."

काका उठले. दाराशी पोचल्यावर मागून आवाज आला, "मुलगी वाचनालयातच आहे ना अजून? दुपारची एकटीच असते म्हणे तिथं."

काकांनी दार उघडलं आणि जाताना उघडंच ठेवलं.

टाइप केलेल्या कागदावर चार वाक्यं होती. त्यातलं शेवटचं असं: "सदर माणूस हा केवळ माझ्या मनाचा खेळ होता, वस्तुतः असा कोणीही तेथे नव्हता."

त्या संध्याकाळी काकांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. तिनं आधी लेकीचं विचारलं नाही, नोकरीचं विचारलं नाही.

"म्हणजे त्या इस्त्रीवाल्या बाई..." ती म्हणाली.

"हो. त्याच."

मुकादमबाई सुटून आल्यावर तिला कुणी कामावर ठेवलं नाही. तिनं बाजारामागच्या गल्लीत इस्त्रीचं दुकान टाकलं. काकांच्या घराखालीच एक इस्त्रीवाला होता, पण काका दर आठवड्याला शर्टांची पिशवी घेऊन वीस मिनिटं चालत त्या गल्लीत जायचे. बायकोला वाटायचं, ह्यांचे कॉलरचे चोचले.

"अठरा वर्षं तुम्ही त्या बाईकडून कपडे कडक करून घेतलेत, आणि तिच्याशी हे एक वाक्य बोलला नाहीत?"

"काय बोलणार होतो, अगं? मी कापला म्हणून सांगू?"

"हो. तेच सांगायचं होतं." मग तिला लेक आठवली. "आता मात्र सांगू नका. आता उशीर झालाय. झाकली मूठ राहू दे. तो कागद उतरवून काढा नि द्या टाकून."

खरं सांगायचं तर काकांनाही तेच हवं होतं. चार वाक्यं उतरवायची, सही करायची. पण ते कोरा नमुना पुढं घेत, पेनाचं टोपण काढत, आणि "मनाचा खेळ" या शब्दांशी आले की टोपण परत लावत. मंगळवार गेला, बुधवार गेला. त्या दिवसांत काकांना सगळीकडे कडेची माणसं दिसू लागली. कार्यालयासमोर एक पांढरी गाडी उभी असायची, काच अर्धी खाली. पाणी प्यायला उठलं तरी व्यवस्थापकांच्या खोलीचं दार बोटभर उघडं असायचं. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं असेल, आपल्याच मनात आहे म्हणून दिसतंय, अशी ते स्वतःची समजूत घालत. शुक्रवारी लेकीचा फोन आला आणि ती समजूतही गेली.

"बाबा, तुमच्या ऑफिसातले कुणी गृहस्थ आज वाचनालयात आले होते."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. दोन तास बसून होते. पुस्तकही घेतलं नाही. जाताना म्हणाले, दाराला कडी बाहेरूनपण आहे वाटतं तुमच्याकडे. विचित्रच माणूस. कोण आहेत ते?"

काकांनी विचारलं, "सही केली का नोंदवहीत?"

"केली की. डाव्या हातानं."

काकांनी लेकीला सोमवारपर्यंत रजा घ्यायला लावली. कारण सांगितलं नाही. ती चिडली, तरी तिनं घेतली. बायकोनं शनिवारी आणि रविवारी तोंडातून एक शब्द काढला नाही. तिची पाचावर धारण बसली होती. सोमवारी सकाळी मात्र तिनं शर्टांची पावती आणून काकांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "शर्ट आणायचे राहिलेत." एवढंच म्हणाली. ते कशासाठी म्हणाली, याचा काका चालता चालता विचार करत राहिले.

दुकान म्हणजे एक खोली. एक टेबल, त्यावर जाड घोंगडी, वर लटकता दिवा, कपड्यांचे गठ्ठे. बाई इस्त्री फिरवत होती. दुकानाला दार होतं, पण ते तिनं बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. दुकान बंद करताना ती नुसता पडदा ओढायची. काकांनी ते अठरा वर्षं पाहिलं होतं.

"भाऊ, एक विचारू?" तिनं मान वर न करता म्हटलं. "तुमचं माझं काही बोलणं होतं का कधी?"

"नाही. का?"

"काल गाडीतून तो आला होता. बावीस वर्षांनी माझ्या उंबऱ्याला आला. म्हणतो, ते फोटो कापणारे काका तुझ्याकडे येतात, काय बोलतात? मी म्हटलं, शर्ट कधी मिळतील याखेरीज त्या माणसाच्या तोंडून दुसरा शब्द नाही निघालेला. तर म्हणतो, बरं आहे, तसंच राहू दे." तिनं इस्त्री उभी केली. "त्याला तुमची भीती कशाची?"

गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी होती. काकांनी ती बघितली आणि गाडीकडे पाठ केली.

"फोटोत तो होता," काका म्हणाले. "डावीकडं. कुलूप हातात घेऊन. मी कापला."

बाई शर्टाच्या बाहीवर हात फिरवत राहिली. मग तिनं अगदी हळू विचारलं, "होता ना तो?"

"होता."

"साखळी लोंबत होती?"

"लोंबत होती. शर्ट अर्ध्या बाह्यांचा. कुलूप डाव्या हातात."

"डावराच आहे तो." ती भिंतीला टेकली. "चार वर्षं आत मला रोज विचारायचे. बाहेर आल्यावर माझा भाऊसुद्धा म्हणाला, अगं, तुझ्या मनाचे खेळ असतील ते, धुरात माणसाला काहीही दिसतं. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं. म्हटलं, आपणच रचलं असेल. आपण जागेवर नव्हतो, त्या आठ जणी गेल्या, म्हणून आपल्याच मनानं एक माणूस उभा केला असेल." तिचे डोळे कोरडे होते. काकांना ते बघवेना. "आणि तुमच्याकडे तो होता. सगळा वेळ तुमच्याकडे होता."

"माझं चुकलं," काका म्हणाले. बोलताना त्यांनाच ते वाक्य फार तोकडं वाटलं.

"ते मला नका सांगू. मला माहीत आहे." तिनं शर्टांचा गठ्ठा बांधलेला होता, काकांनी हात पुढं केला, तर तिनं तो उचलून मागं फळीवर ठेवला. "हे लिहून द्या कुठंतरी. मग न्या शर्ट." अठरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं भाऊ म्हटलं नाही.

संस्थेची खिडकी पाचला बंद व्हायची. काका सव्वाचारला पोचले. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी नमुना मांडीवर घेतला, कार्बन नीट लावले. टाइप केलेला कागद शर्टाच्या खिशात होता. त्यांना लेक आठवली, वाचनालयाच्या दाराची बाहेरची कडी आठवली. भीती गेली नव्हतीच. तिच्यासकटच लिहायचं होतं.

"चौथ्या प्रश्नाचा खुलासा," त्यांनी लिहिलं. "परीक्षकांचे म्हणणे बरोबर आहे. छायाचित्रात तो माणूस नाही, कारण मी त्याला कापला. सावली त्याचीच आहे."

दुसऱ्या प्रश्नाच्या अभिप्रायात म्हटल्याप्रमाणे यावेळी त्यांनी सगळी वाक्यं पूर्ण केली. तारीख लिहिली, जाहिरात किती वाजता आली ते लिहिलं, रेघ कुठून मारली ते लिहिलं, निगेटिव्ह कुणाच्या खिशात गेलं ते लिहिलं. मुकादमबाई खरं बोलत होती, हे लिहिलं. मग त्या माणसाचं पूर्ण नाव लिहिलं आणि त्यापुढं त्याचा आजचा हुद्दा.

खिडकीतला कारकून बघत होता. "काका, जरा हलक्या हातानं. कागद फाटेल की."

काकांनी मान हलवली आणि पेन आणखी दाबलं. सगळ्यात खाली पिवळी प्रत होती, आणि ती फार फिकी येते, हे त्यांना ठाऊक होतं.